बोडकी अक्षरं

दुपारी जेवण झालं की मी जरा आडवी होते. झोपते असं मी कुणाला सांगत नाही, कारण झोपणारी बाई म्हटलं की लोक येऊन वाटेल ते मागून जातात. डोळे मिटायचे, कान उघडे ठेवायचे. पंख्याचं एक पातं कशाला तरी घासतंय. शेजारच्या सरलाबाई कुकरच्या शिट्ट्यांवर ओरडतायत. त्या शिट्ट्यांवर ओरडतात की नवऱ्यावर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोटावर एक कागद आहे. त्यावर माझ्या धाकट्या भावाचं नाव मोठं छापलंय: रूबेन तिमथी पाटोळे. रूबेन जाऊन येत्या रविवारी वर्ष होईल. उपासना सुटल्यावर मंडळी दफनभूमीत जमतील, पाळकसाहेब प्रार्थना करतील आणि त्याच्या कबरीवरच्या नव्या दगडावरचं पांढरं कापड काढतील. आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीत हे असंच चालतं. करड्या ग्रॅनाइटचा दगड मुनीरभाईंच्या कारखान्यात तासून तयार आहे. अडलंय ते अक्षरांपाशी. मुनीरभाई आज उन्हं उतरली की मजकूर न्यायला येणार, आणि कुठल्या अक्षरात कोरायचं ते मी त्यांना सांगायचं.

सोपं काम वाटतं, पण रूबेन साधा माणूस नव्हता. पुरवण्यांच्या मथळ्यांत, चहाच्या पुड्यांवर, नाटकांच्या जाहिरातींत डोक्यावर रेघ नसलेली मराठी अक्षरं तुम्ही पाहिली असतील, तर ती त्याची किंवा त्याच्या नकलाकारांची. आपली अक्षरं वरच्या रेघेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात, असं तो म्हणायचा. त्याने दोरीच कापली. त्या टाइपाला त्याने नाव दिलं ‘उघडा’. मुंबईने शाली दिल्या, परदेशाने विमानाची तिकिटं दिली. नगरात आमच्या मंडळीने एक शब्द दिला: बोडकी. “काय सुवार्ताताई, भावाने आणखी किती अक्षरं बोडकी केली?” असं मला चर्चच्या पायरीवर विचारायचे. मी हसायचे आणि कोण कोण हसलं ते लक्षात ठेवायचे.

कागदावरचं नाव त्याच बोडक्या अक्षरांत आहे. पाठवलंय निखिलेशने, रूबेनच्या पुण्याच्या शिष्याने. रूबेनच्या शिष्यांपैकी हा एकच मी जमेला धरते. अंत्यविधीला तो रडला कमी आणि धावला जास्त. तो म्हणतो, “ताई, सरांचा दगड सरांच्या अक्षरांत नसेल तर लोक काय म्हणतील?” मुनीरभाई म्हणतात, “बाई, मी कोरीन हो. पण वाचणार कोण?” दोघांचंही मला पटतं, हीच पंचाईत. ज्याचं नाव आहे त्याला विचारायची सोय नाही.

पंख्याचं घासणं लांबत लांबत जातं. कुकर आता फार दूर, बहुतेक भिंगारच्या पलीकडे शिट्टी देतोय.

“ताई, सरक जरा.”

पायथ्याशी कुणीतरी बसतं. खाट एका बाजूला कलते.

“चप्पल काढ,” मी म्हणते.

“अगं, मेलोय मी.”

“म्हणून माझ्या चादरीवर चिखल आणायचा?”

रूबेन चप्पल काढतो. त्याची कॉलर नेहमीसारखीच एका बाजूने आत मुडपलेली आहे. जन्मभर अक्षरांच्या कडा केसाएवढ्या सरकवणाऱ्या माणसाला स्वतःची कॉलर कधी दिसली नाही. लग्न केलं असतं तर कुणी सांगितलं असतं.

“मुनीरभाई येतायत,” मी म्हणते. “तुझ्या नावाला रेघ हवी की नको?”

“चहा आहे का?”

“रूबेन.”

“बिनसाखरेचा नको. आता मला साखर चालते.”

हा असाच. अवघड प्रश्न आला की त्याला तहान लागते. मी चहा ठेवायला उठते, पण पाय जमिनीला लागतात ते छापखान्यात. माझी खाट म्हणजे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, ठेवायचा मोठा लाकडी घोडा झालीय, खण खण पाडलेला, आणि त्याच्यासमोर बाबा उभे आहेत. मिशनच्या छापखान्यात बाबा कंपोझिटर होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ते ओळ जुळवायचे. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर रेघेचा आपला तुकडा असतो. ते तुकडे एकाला एक भिडले तरच वर अखंड रेघ उमटते. खिळे झिजले की मध्ये फट पडते. बाकीचे कंपोझिटर फटींकडे काणाडोळा करायचे. बाबा छापलेला कागद खिडकीशी धरायचे आणि फट दिसली की सगळी ओळ सोडून पुन्हा जुळवायचे. आम्ही जेवायला थांबलेले असायचो.

आत्ताही त्यांनी कागद खिडकीशी धरलाय. रूबेनकडे ते बघत नाहीत. ते मला म्हणतात, “तुझ्या भावाला विचार, माझ्या अक्षरांच्या टोप्या कुठं ठेवल्या?”

मी रूबेनकडे वळते. “टोप्या कुठं ठेवल्यास म्हणून विचारतायत.”

“बाबांना सांग, उन्हाळा होता.”

“उन्हाळा होता म्हणे.”

“त्याला म्हणावं, उन्हाळ्यातच टोपी लागते.”

बाबांच्या शेवटच्या दिवसांत हे असंच चालायचं. दोघं एका खोलीत बसायचे आणि बोलणं माझ्यातून जायचं. मी मिशनच्या दवाखान्यात पैसे घेण्याच्या खिडकीवर बसायचे. दोन बाजूंच्या माणसांमध्ये जाळी होऊन बसायची मला सवय होती. तेव्हा मला वाटायचं, दोघं भांडतायत. आता बघते तर बाबांच्या मिशीत हसू आहे आणि रूबेन ते बघायला वळतोय. पण तो बघेपर्यंत बाबा पुन्हा कागदात गेलेत.

“त्यांना एकदा सरळ विचारायचं होतंस,” मी म्हणते.

“काय?”

“आवडतं का म्हणून.”

“नाही म्हणाले असते तर?”

छापखान्याचं दार ढकलून तो बाहेर पडतो. मागोमाग मी. बाहेर मुंबईचं चित्रप्रदर्शन आहे. पांढऱ्या भिंती, थंडगार हवा, हातात ग्लास घेतलेली माणसं आणि समोर भिंत भरून एक फोटो. फोटोत बाबांच्या कबरीचा दगड. ‘तिमथी गणपत पाटोळे, कंपोझिटर’, आणि एकाही अक्षराला वरची रेघ नाही. अक्षरं दगडावर मोकळी उभी आहेत, चर्च सुटल्यावर अंगणात माणसं उभी राहतात तशी. काम सुंदर आहे, यात शंकाच नाही. ‘उघडा’चा जन्म ह्या दगडावर झाला. हा फोटो इथे लागला आणि मग जाहिरातवाले आले, प्रकाशक आले, जर्मनीचं बोलावणं आलं. माणसाचं नशीब वडिलांच्या जन्माने ठरतं म्हणतात. रूबेनचं वडिलांच्या मरणाने उघडलं. हे मी त्याला तोंडावर कधी बोलले नव्हते.

“किती धाडस आहे ह्यात!” मोत्यांची माळ घातलेली एक बाई म्हणते.

“आहे खरं,” तिच्याजवळचे गृहस्थ म्हणतात. “पण हे मराठीच ना?”

रूबेन फोटोकडे पाठ करून उभा आहे.

“मला हा फोटो बघवत नाही,” तो म्हणतो.

“का? खाल्लंस तर ह्याच्यावरच.”

मी चिमटा काढला की तो परत काढायचा, हा आमचा लहानपणापासूनचा व्यवहार. आज तो एकतर्फी झाला, आणि मला उगीच थंडी वाजायला लागते.

“चल इथून,” तो म्हणतो.

प्रदर्शनाच्या काचेच्या दारातून आम्ही उतरतो ते थेट नगरच्या कापड बाजारात. ऊन आहे, पण सावल्या पडत नाहीत. दुकानं तीच आहेत. पाट्या मात्र सगळ्या बोडक्या. साडीचं दुकान, दाताचा दवाखाना, रसवंती, नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक, मुतारी. एकाही अक्षराला डोक्यावर रेघ राहिलेली नाही. रूबेन मान वर करून वाचत चालतो आणि प्रत्येक पाटीगणिक थोडा खाली वाकत जातो.

“हे माझं नाही, ताई. तो ‘क’ बघ. पोट सुटलंय.”

“चेहरा तुझाच आहे. बाहेरचं खाऊन सुटलं असेल.”

“मी असा ‘श’ कधी काढला नाही.”

“नातवंडांचं असंच असतं. आपण म्हणायचं आपली नाहीत, आणि नाक लपत नाही.”

तो हसतो, पण अर्धवट. पागोटं घातलेले एक म्हातारे काठी टेकत आमच्यासमोर येऊन थांबतात. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आहे.

“बाई, डोळ्यांचा दवाखाना कुठंशी आला?”

ते डोळ्यांच्या दवाखान्याच्या पाटीखालीच उभे आहेत. पाटी भलीमोठी, निळी, झोकदार, आणि अर्थातच बोडकी. मी बोट वर करते. ते मान वर करून बराच वेळ पाटी न्याहाळतात.

“ही व्हय? मला वाटलं, साबणाची जाहिरात हाय.”

मागे वळून बघते तर माझा भाऊ, ज्याच्या नावाने परदेशात व्याख्यानं झाली, तो माझ्या पदराआड लपलाय. लहानपणी काच फोडली की लपायचा, तसाच.

“गेले का?” तो कुजबुजतो.

“आत गेले. बाहेर ये.”

तो बाहेर येतो आणि पायाखाली कडुनिंबाच्या निंबोळ्या फुटतात. ही दफनभूमी. फाटक लागलंच नाही. समोरून आई चाललीय, हातात शेवंतीची परडी. पडून खुबा मोडल्यापासून ती अशीच एका बाजूला झुकून चालायची. आम्हाला ती बघत नाही. बाबांच्या दगडाशी ती पोचते, त्यावरून नजर फिरवते, आणि पुढे जाते. शेजारी एक नुसता सिमेंटचा ओटा आहे, त्यावर ना नाव ना गाव. तिथे ती खाली बसते आणि फुलं मांडायला लागते.

मी रूबेनला कोपराने ढोसते. हे माझ्या मनात फार वर्षं पडून आहे. आता तोही मेलाय आणि आईही, म्हणजे बोलायला हरकत नाही.

“तुला एक सांगू? कुणाला बोललेली नाही मी. तो ओटा कुणाचा माहीत आहे ना?”

“याकोबमास्तरांचा.”

याकोबमास्तर म्हणजे आमच्या चर्चचे गायनमास्तर. त्यांची पोरं ऑस्ट्रेलियाला गेली आणि बापाच्या कबरीवर दगड बसवायचा राहून गेला. मास्तर आणि बाबा यांचं जन्मभर वाकडं. गीतांच्या पुस्तकात बाबांनी सूर चुकीचे छापले म्हणून मास्तर भर सभेत बोलले होते. पण माणूस देखणा होता, आणि आवाज तर असा की मागच्या बाकावरची म्हातारी मंडळीही झोपायची विसरायची.

“दवाखान्यातून येताना मी बघायचे,” मी सांगते. “बाबांच्या दगडावर पाचोळा आणि मास्तरांच्या ओट्यावर ताजी शेवंती. दर आठवड्याला. आणि भाकरी थापताना आई गुणगुणायची ती मास्तरांचीच चाल. मी काय समजायचं ते समजले. तोंड मात्र उघडलं नाही. खरं सांगू, मला तिचा थोडा अभिमानच वाटायचा.”

रूबेन हसायला लागतो. हसता हसता खाली बसतो, गुडघ्यात डोकं घालतो. खांदे हलतायत. जरा वेळाने माझ्या लक्षात येतं की हे हसणं नाही.

“ताई,” तो म्हणतो, “तिला बाबांचा दगड वाचता येत नव्हता.”

आई ओट्यावरचा पाला पदराने झाडतेय.

आई मोठेपणी वाचायला शिकली होती, बायकांच्या सभेत. मोठ्या टाइपाच्या पवित्र शास्त्रावर बोट ठेवून, वरची रेघ धरून, अक्षर अक्षर लावत वाचायची. बाबांना पुरलं तेव्हापासून दगड बसेपर्यंत ती खुबा मोडून अंथरुणावर होती. रूबेनने मला सांगितलं होतं, आईला काही बोलू नकोस, ती हिंडायला लागली की मीच दाखवीन. मग प्रदर्शन आलं, आणि तो मुंबईत अडकला. मी धरून चालले की त्याने दाखवला असेल.

“ईस्टरला आलो तेव्हा ती मला इथं घेऊन आली,” रूबेन सांगतो. “म्हणाली, चल, बाबांना फुलं वाहू. आणि ह्या ओट्याशी येऊन बसली. मी विचारलं, आई, तो शेजारचा दगड कुणाचा? म्हणाली, कुणा गोऱ्या साहेबाचा असेल. ती अक्षरं मला लागत नाहीत. आपल्या माणसाला कोण एवढी नक्षी करतंय!”

“मग तू सांगितलंस?”

“ती पुढे बोलली, ताई. म्हणाली, बाळा, तू एवढा अक्षरांतला मोठा माणूस. सवड झाली की बाबांना एक साधा दगड बसव. नुसतं नाव असलं तरी चालेल.”

कडुनिंबातून वारा जातो आणि त्याचं पुढचं मला ऐकू येत नाही.

“काय म्हणालास तिला?”

“बसवतो म्हणालो.”

“रूबेन!”

“दर वेळी विचारायची. दर वेळी म्हणायचो, बसवतो आई. तोवर त्या दगडाचे फोटो पुस्तकांत गेले होते. पोरं पुण्यामुंबईहून बघायला यायची. मी काय सांगणार होतो तिला? की सगळ्या जगाला वाचता येतंय, तुलाच तेवढं येत नाही?”

“मला का नाही विचारलं तिने? मी तर नगरातच होते.”

“लेकाने बापाला दगड बसवला नाही, हे ती तुला कशी सांगेल? तिने कुणालाच सांगितलं नाही. माझी अब्रू झाकली तिने.”

मी आईकडे बघते. ह्या बाईला मी जन्मभर वाचलं आणि सगळंच उलटं लावलं. तिच्या पदरात एक देखणा गायनमास्तर टाकून मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते. ती मात्र बिचारी नवऱ्याच्या वैऱ्याला शेवंती वाहत, नवऱ्याशी बोलत बसलेली. मास्तर तिथे आत काय म्हणत असतील, देव जाणे. आता मला कळतं, आई गेली तेव्हा रूबेनने तिचं नाव मुनीरभाईंकडून साध्या अक्षरांत, रेघेसकट का कोरून घेतलं. निखिलेशने त्यावर कुठल्याशा मासिकात लिहिलं होतं, उत्तरायुष्यात सर थकले होते.

“तेव्हा ती वाचायला नव्हती,” रूबेन म्हणतो, जसं काही मी हे मोठ्याने बोलले.

आई उठते. गुडघ्यावर हात ठेवून, ‘प्रभू रे’ म्हणत. परडीत थोडी फुलं उरलीत. ती इकडेतिकडे बघते आणि आमच्याच दिशेने येते. आमच्या पायाशी एक दगड आहे, पांढऱ्या कापडाखाली. रविवार अजून आलेला नाही, पण आईला कुठं थांबायचं असतं? ती कापड काढते आणि चौकोनी घडी घालून काखेत धरते. करडा ग्रॅनाइट, वर बोडकी अक्षरं. आई वाकते. पहिल्या अक्षरावर बोट ठेवते. बोट वर सरकतं, रेघ शोधतं, सापडत नाही, पुन्हा खाली येतं.

“हे कोण?” ती मला विचारते.

रूबेन तिच्या अगदी शेजारी उभा आहे. तिला तो दिसत नाही.

“ताई, सांग तिला.”

मी सांगायला जाते, पण गळ्यातून नुसती हवा येते. आई वाट बघून परत फिरायला लागते.

“जाईल ती! ताई, रेघ ओढ.”

“मी? मला कुठं येतं?”

“माझा हात दगडाला लागत नाही आता. तू ओढ.”

“वाकडी येईल.”

“येऊ दे!”

माझ्या भावाने माझ्याकडे असं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मी खाली बसते आणि बोटाने दगडावर रेघ ओढायला लागते. ग्रॅनाइट कणभर देत नाही. बोट दुखतं, खांद्यापर्यंत कळ जाते. ‘रू’वरून ‘बे’वर, तिथून ‘न’वर. रेघ चढते, घसरते, मध्येच जाड होते. बाबांनी बघितली असती तर सगळी ओळ सोडून पुन्हा जुळवली असती. मी ओढतच राहते, पाटोळेच्या ‘ळे’पर्यंत.

आई थांबलीय. परत येते. बोट ठेवते, रेघ धरते.

“रू… बे… न.”

तिचं बोट थांबतं.

“अगं बाई,” ती म्हणते, “हा तर आपला.”

आणि ती मान वर करून त्याच्याकडे बघते. बरोबर तिथेच, जिथे तो उभा आहे. त्याची मुडपलेली कॉलर सरळ करायला ती हात पुढे करते—

कडी वाजतेय. “बाई! अहो सुवार्ताबाई!”

सरलाबाईंचा कुकर गार झालाय. भिंतीवर उन्हाची तिरपी पट्टी. मी उठून दार उघडते. मुनीरभाई, कानावर पेन्सिल.

“झोपमोड केली का?”

“नाही हो. नुसती पडले होते.”

ते खुर्चीत बसतात आणि पाणी पितात. मग खाटेवरचा कागद उचलतात, लांब धरतात, जवळ धरतात. उजेडाकडे तिरका करतात आणि भुवया वर करतात.

“हे काय आहे?”

मी जवळ जाऊन बघते. अक्षरांच्या डोक्यावरून कागद दबलाय. शाई नाही, शिसं नाही, नुसती घळ. ‘रू’पासून ‘ळे’पर्यंत एकसलग, चढत, घसरत, आणि एके ठिकाणी कागद फाटेल की काय इतकी खोल. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख मुळाशी मोडलंय. दुखतंय.

मुनीरभाई अंगठा त्या घळीवरून हळूच फिरवतात.

“ही पण घ्यायची?”

टेबलावर फोन थरथरतोय. निखिलेश असणार.

“घ्यायची,” मी म्हणते.

“ठीक. मशीनवर घालतो. ती सरळ करून देईल, एकदम साफ.”

“मशीन नको. हाताने कोरा. आणि वाकडी आहे तशीच येऊ द्या.”